नव्या पॉलीहाऊसचे पहिले सहा महिने : मृगापासून थंडीपर्यंतचा हिशेब

आमच्या ओळखीतील दोन कापड व्यापाऱ्यांनी आणि एका सायझिंगवाल्यांनी कारोबारातून उरलेली पुंजी गावाकडच्या जमिनीत घातली व पॉलीहाऊस उभे केले. मे महिन्यात पाईप उभे राहतात, जूनमध्ये वर प्लास्टिक चढते, नातेवाईक येऊन पाहून जातात. मग सर्वजण एकमेकांना विचारू लागतात की आता आत लावायचे काय? वास्तविक हा प्रश्न पाईप घेण्यापूर्वी विचारायचा असतो. आम्हीही तो उशिराच विचारला आणि त्याची किंमत मोजली. म्हणून ज्या बंधूंचे पॉलीहाऊस यंदा मृगाच्या सुमारास तयार होत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जून ते जानेवारी या काळात ते रिकामे न ठेवता, पण घाईही न करता, कसे वापरावे एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

आमचे पॉलीहाऊस मालेगावहून सटाण्याकडे जाताना लागते. दहा गुंठे, म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटर. पहिल्या वर्षी ते जूनच्या अखेरीस पूर्ण झाले. पैसा अडकला आहे, एक दिवसही वाया जाऊ नये, या विचाराने आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात तयार मिळतील ती रंगीत ढोबळी मिरचीची रोपे आणून लावून टाकली. पंधरवड्यात पश्चिमेकडून जोराचा पाऊस आला आणि छताच्या वरच्या खिडकीतून सरळ आत पडला. ठेकेदाराने त्या खिडकीचे तोंड पश्चिमेला ठेवले होते आणि आम्हाला ते कळलेही नव्हते. शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, “शेठ, खिडकी पावसाच्या तोंडाला कशी काय ठेवली?” त्या खिडकीखालच्या गादीवाफ्यांत पाणी साचले, रोपे बुंध्याशी काळी पडून माना टाकू लागली. पुढच्या महिनाभरात तीन हिश्शांतील एक हिस्सा झाडे गेली. जी राहिली त्यांनी खर्च भरून काढला, नफा दिला नाही.

ठेकेदाराला आम्ही बोल लावला, पण अर्धा दोष आमचाच होता. आपल्या धंद्यात नवा माग आला की त्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या ऑर्डरचे बीम कोणी चढवत नाही. आधी हलक्या सुताचे एक थान काढून पाहतात. कुठे तार तुटते, कुठे काठ ओढला जातो, ते त्या थानात कळते. पॉलीहाऊससाठी असे चाचणीचे थान कोणते, ते आम्हाला दुसऱ्या वर्षी समजले. ते म्हणजे कोथिंबीर.

उलटा हिशेब

कापड व्यापारी ईदचा माल कसा मागवतो? ईदची तारीख धरतो, तिथून दुकानात माल लागण्याची तारीख मागे मोजतो, तिथून प्रोसेसिंगची आणि तिथून ग्रे कापडाची. पॉलीहाऊसमध्येही हीच रीत चालते. आज जागा मोकळी आहे म्हणून आज लावायचे, असे करू नये. माल बाजारात कधी जायला हवा ते ठरवून मागे यावे.

रंगीत ढोबळीचे घ्या. हॉटेले, केटरर आणि लग्नसराई यांची मागणी नोव्हेंबरनंतर धरते. लाल-पिवळा रंग भरलेले पहिले फळ लागवडीनंतर ८० ते ९० दिवसांनी हाती येते. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिली तोडणी हवी असेल, तर लागवड १५ ऑगस्टच्या आसपास झाली पाहिजे. रोप ट्रेमध्ये ३५ दिवस राहते, म्हणजे बी १० जुलैच्या सुमारास पडले पाहिजे. हे बी रोपवाटिकेला आधी सांगून, आपल्या पसंतीचे वाण देऊन टाकून घ्यावे. शिल्लक राहिलेली रोपे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. ती आमच्यासारख्या घाईवाल्यांसाठीच शिल्लक असतात.

आता जूनची अखेर ते १५ ऑगस्ट हे जवळपास सात आठवडे उरले. त्यांत कोथिंबीर अगदी बरोबर बसते. २५ जूनला पेरली तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणी पुरी होते. धणे हलके रगडून दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि ओळीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते, ३५ ते ४० दिवसांत जुडी बांधता येते. पावसाळ्यात उघड्या रानातली कोथिंबीर सडते, चिखलाने भरते आणि जुडीचा भाव चढतो. छताखालचा माल तेव्हा कोरडा व स्वच्छ असतो. थंडीत सगळीकडे कोथिंबीर मुबलक येते, तेव्हा हीच जुडी कोणी विचारत नाही. म्हणजे कोथिंबिरीला छताचे मोल पावसातच मिळते, थंडीत नाही.

पैशापेक्षा मोठा लाभ म्हणजे या चाळीस दिवसांत पॉलीहाऊस आपले सगळे दोष दाखवते. ठिबकच्या कोणत्या नळीचे शेवटचे तोंड कोरडे राहते, कोणत्या वाफ्यात पाणी बसते, छतावरच्या पन्हाळीचा सांधा कुठे गळतो, वादळात कोणता पडदा फडफडतो, हे सर्व कोथिंबिरीवर दिसते. तिथे चार वाफे गेले तर हळहळ होते, धंदा बुडत नाही. ढोबळीची महाग रोपे उभी असताना हे कळले तर काय होते ते वर लिहिलेच आहे. ५ ते १५ ऑगस्ट या दहा दिवसांत दुरुस्त्या कराव्यात, वाफे पुन्हा सारखे करावेत, चांदीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडने माती निर्जंतुक करावी आणि मगच मिरची आत न्यावी.

घेताना तपासावयाच्या गोष्टी

वरच्या खिडकीचे तोंड आपल्या भागात पूर्वेला असावे, कारण पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. छतावरच्या पन्हाळ्या उत्तर-दक्षिण असाव्यात, म्हणजे त्यांची सावली दिवसभर सरकत राहते आणि एकाच ओळीवर पडून राहत नाही.

प्लास्टिकच्या बाबतीत मात्र आपण कापडवाले कोणालाही ऐकणारे नाही. २०० मायक्रॉनची फिल्म म्हणजे आपल्या भाषेत सुमारे १८५ जीएसएमचा माल. ९ मीटर पन्ह्याचा आणि ४० मीटर लांबीचा रोल घेतला तर तो ३६० चौरस मीटर भरतो आणि त्याचे वजन ६६-६७ किलो आले पाहिजे. काट्यावर ६० किलो भरला, तर २०० मायक्रॉनच्या भावात १८० मायक्रॉनचा माल पदरात पडला असे समजावे. आम्ही रोल उतरवतानाच तोलला, म्हणून या एका बाबतीत फसलो नाही. फिल्म सकाळी लवकर, वारा पडलेला असताना चढवावी. भर उन्हात ताणलेली फिल्म थंडीत आकसून फाटते आणि ढिली बसवलेली वाऱ्यात फडफडून फाटते. अशी फिल्म साधारण तीन वर्षे चालते. म्हणजे रिकामा गेलेला प्रत्येक महिना तिच्या किमतीचा छत्तिसावा हिस्सा खातो. हा हिशेब पाहूनच पहिल्या वर्षी आमची घाई झाली होती, हे कबूल करतो.

आता माती. आपल्या भागातली काळी माती पॉलीहाऊसला चालत नाही, ती पाणी धरून बसते. निचऱ्याची तांबडी माती आणावी लागते आणि इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. दहा गुंठ्यांत रस्ते सोडून वाफ्यांची जागा सुमारे ६०० चौरस मीटर येते. वाफा ४० सेंटीमीटर उंच केला तर २४० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ८५ ब्रास मिश्रण लागते. त्यात सत्तर टक्के माती, वीस टक्के चांगले कुजलेले शेणखत आणि दहा टक्के भाताचे तूस धरा. म्हणजे माती साठ ब्रास आणि खत सतरा ब्रास. हा खर्च ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतो. ठेकेदार सांगाडा, प्लास्टिक आणि ठिबक यांचा आकडा देतो आणि आपण तोच पूर्ण आकडा समजून बसतो. टोमॅटो, वांगे किंवा मिरची घेतलेल्या रानातली माती आणू नये, सूत्रकृमी तिच्यासोबत येतात. शेणखत कच्चे असेल तर ते वाफ्यात तापते आणि मुळे जाळते.

अनुदानाविषयी एकच सांगतो. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा, आणि कृषी खात्याची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. अनुदान सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या किमतीवर मिळते, आपण किती उधळले त्यावर नाही. तेही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळते. म्हणून सुरुवातीला सगळी पुंजी आपलीच लागते. अनुदान येईल मग मातीचे पैसे देऊ, असा वायदा कोणाला करू नये.

छतावरचे पाणी

ही गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षी कोणी सांगितली नाही. एक हजार चौरस मीटर छतावर मोसमात ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होते. सांडलवंड धरून चार लाख लिटर हाती येते. दहा गुंठ्यांच्या ढोबळीला दिवसाला दोन ते अडीच हजार लिटर लागते. म्हणजे कागदावर दीडशेहून अधिक दिवसांची सोय डोक्यावर पडते आणि आपण ती नाल्यात सोडतो.

वर १५ मीटर लांब-रुंद आणि ३ मीटर खोल, उताराच्या बाजूंचे, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे एवढे पाणी पोटात घेते. पन्हाळीचे पाईप थेट त्यात सोडावेत. उन्हाने पाणी उडते. एवढ्या तळ्यावरून थंडीच्या दिवसांतही रोज सात-आठशे लिटर जाते, म्हणून वर जुनी शेडनेट ताणावी. आमच्या विहिरीचे पाणी खारट आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे आम्ही दोन्ही मिसळून देतो आणि विद्राव्य खत त्यातच सोडतो. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या झाडाची पाने कडेने जळतात. तसे आमच्याकडे आता होत नाही.

ढोबळी आत गेल्यावर

९० सेंटीमीटर रुंद वाफ्यावर दोन ओळी, दोन झाडांत ४५ सेंटीमीटर अंतर, अशी दहा गुंठ्यांत सुमारे २,९०० रोपे बसतात. झाडाला फांद्या फुटल्यावर दोन जोमदार फांद्या ठेवून त्या दोरीने वर बांधाव्यात. बेचक्यातली पहिली फुले काढून टाकावीत. आमच्या गड्याला हे पटेना, “आलेलं फूल तोडायचं?” असे तो विचारी. पण त्या वेळी फळ धरले तर झाड तिथेच बसते. नीट सांभाळ झाला तर झाडामागे तीन किलोच्या आसपास माल एप्रिलपर्यंत निघतो.

पावसाळ्यात आभाळ भरलेले असते. तेव्हा आतली शेडनेट ओढून ठेवू नये, उजेड आधीच कमी असतो. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र अकरा ते तीन ओढावी, कारण आतले तापमान ३५ अंशांवर गेले की फुले गळतात. याच उन्हात किडी येतात. पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळली तर कोळी, ही ओळख गड्याला शिकवावी. दोन्हींची औषधे वेगळी आहेत आणि चुकीचे औषध म्हणजे पैसाही जातो, पीकही जाते. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे पांढऱ्या माशीसाठी. एकामागे एक असे दोन दरवाजे असावेत आणि दोन्ही एकदम उघडू नयेत. पाहुणे दाखवायला आणण्याची हौस जुलैपर्यंत पुरी करून घ्यावी.

पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये छत बाहेरून धुऊन काढावे. चार महिन्यांची धूळ आणि शेवाळ फिल्मवर बसलेले असते. हिवाळ्यात ऊन तिरपे आणि दिवस लहान असतो, तेव्हा तो उजेड लागतो.

थंडी

सर्वात मोठा गैरसमज थंडीविषयी आहे. लोकांना वाटते की प्लास्टिक आहे, आत उबदार असणारच. दिवसा तसे असते. रात्री मात्र आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशच जास्त असते आणि आभाळ निरभ्र, वारा पडलेला असेल तर तेवढेही नसते. एका पदराचे प्लास्टिक म्हणजे मलमल होय, रजई नव्हे. आपल्या जिल्ह्यात निफाडचा पारा ५ अंशांच्या आसपास आल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत येतात. ढोबळीला रात्री १६ ते १८ अंश मानवतात. १२ अंशांच्या खाली फळधारणा बिघडते, फळे चपटी व वेडीवाकडी होतात आणि रंग भरायला जास्त दिवस लागतात.

म्हणून थंडी कडक होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, झाडावर फळे बसलेली असली पाहिजेत. थंडीत ती सावकाश पिकतात, पण पिकतात. १५ ऑगस्टची तारीख आम्ही धरतो ती याचसाठी. सप्टेंबरअखेर लावलेली मिरची ऐन फुलात असताना डिसेंबरमध्ये सापडते.

पडद्यांच्या बाबतीत आम्ही दुसऱ्या वर्षीही चुकलो. थंडीच्या भीतीने चारी पडदे आणि वरची खिडकी संध्याकाळी चारलाच बंद करायचो, ते सकाळी दहाला उघडायचो. पहाटे आत गेले की छतातून थेंब टपटप पडत असत आणि पाने ओलीचिंब. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर पिवळे डाग आणि उलट बाजूला पांढरी भुरी दिसली. आता आम्ही पडदे पाचच्या सुमारास, दिवसाची ऊब जाण्याआधी, लावतो. वरची खिडकी वीतभर उघडी ठेवतो, म्हणजे दमट हवा निघून जाते. सकाळी ऊन पडले की आठनंतर एक-एक बाजू उघडतो. पाणी सकाळीच देतो, संध्याकाळी कधीच नाही. थोडी ऊब जाते हे खरे, पण फवारणीचे पैसे वाचतात आणि फळावर डाग राहत नाही. डागी फळ बाजारात दुसऱ्या भावाने जाते, मग ते नाशिकला पाठवा की सुरतेला. लांबच्या बाजारासाठी रंग अर्ध्याहून थोडा अधिक भरला की तोडावे, उरलेला वाटेत भरतो.

ज्यांच्याकडे दहा गुंठे नाहीत

आमच्या वाचकांत कारागीर बंधू पुष्कळ आहेत. त्यांना लाखोंची गुंतवणूक शक्य नाही आणि आम्ही तिचा आग्रहही धरत नाही. पण घरामागे किंवा गावी एक गुंठा जागा असेल, तर रोपवाटिका हा करण्यासारखा धंदा आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरात रस्ते सोडून ७० चौरस मीटर जागा कामाची धरा. ९८ कप्प्यांचा एक ट्रे ५४ बाय २८ सेंटीमीटर असतो, म्हणजे सुमारे ४५० ट्रे आणि ४४,००० रोपे एका वेळी बसतात. त्यातली काही उगवणार नाहीत, हे धरूनच भाव बांधावा. एक खबरदारी अशी की नुसती शेडनेट पाऊस अडवत नाही. जुलैत ट्रे भरायचे असतील तर वर प्लास्टिक हवेच, नाहीतर कोकोपीट वाहून जाते आणि रोपे मरतात.

जून-जुलैत टोमॅटो व मिरची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोबी व फ्लॉवर, अशी मागणी फिरत असते. टोमॅटो, कोबी यांची रोपे २५ ते ३० दिवसांत जातात, मिरचीला ३५ ते ४० लागतात. यात माल आपल्या अंगावर राहत नाही, कारण ऑर्डर आणि बयाणा घेऊनच बी टाकायचे असते. बयाण्याशिवाय आम्ही नात्यातल्या माणसाचेही ट्रे भरत नाही. पाऊस लांबला की तो येत नाही, आणि रोप तर दुकानातल्या थानासारखे फळीवर ठेवता येत नाही.

थंडीत या छपराला आणखी एक काम आहे. कलिंगडाचे रोप १२ ते १५ दिवसांत तयार होते आणि लावल्यापासून फळ ६५ ते ७५ दिवसांत येते, थंडीत ८० ते ८५. २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची अपेक्षा आहे. इफ्तारीच्या बाजारासाठी फळ फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवे, म्हणजे लागवड नोव्हेंबरच्या मध्यास आणि बी ऑक्टोबरच्या शेवटी. थंडी सुरू होताना उघड्यावर कलिंगडाचे बी नीट उगवत नाही, त्यामुळे शेतकरी तयार रोप शोधत येतो. २०२८ मध्ये रमजान जानेवारीच्या अखेरीस येईल, तेव्हा हेच काम आणखी पंधरवडाभर अलीकडे सरकेल आणि ट्रे ऑक्टोबरच्या मध्यासच भरावे लागतील. त्यासाठी शेतकऱ्यांकडून ऑर्डर आणि बयाणा सप्टेंबरअखेरपर्यंत हातात असावा. बियाण्याची पाकिटेही तेव्हाच घेऊन ठेवावीत, चालणारे वाण ऐन वेळी दुकानात मिळत नाही.